चार चौकोनांचा हिशेब

परवा आमच्या पाचोऱ्यात, गल्लीतल्या अंगणवाडीत लसीकरण होतं. शेजारच्या काकूंची सून नऊ महिन्यांच्या लेकराला घेऊन निघाली आणि काकूंनी तिला दारातच अडवलं. कारण काय, तर नात्यातल्या एका पोराला लस टोचूनसुद्धा गोवर निघाला होता. मग टोचून उपयोग काय, उगाच लेकराच्या जिवाला ताप, असं काकूंचं म्हणणं. सून बिचारी माझ्याकडे बघायला लागली.

वाद घालून काकू ऐकणाऱ्यातल्या नाहीत. म्हणून मी भिशीची वही काढली, कोरं पान उघडलं आणि त्यांना एका माणसाची गोष्ट सांगायला बसले. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

मुंबईच्या परळची हाफकिन संस्था आपल्याला नावानं माहीत असते. पण हे हाफकिन कोण, ते कुणी विचारत नाही. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला, ज्यू घरातला. शिक्षण प्राणिशास्त्राचं. त्या काळी रशियाच्या राज्यात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं कठीण, त्यात तरुणपणी राजकारणापायी तुरुंगही पाहिलेला. शेवटी देश सोडला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. काम कसलं मिळालं? ग्रंथालयात मदतनीसाचं! उरलेल्या वेळात प्रयोग. त्यातूनच १८९२मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. आपल्याकडचा गाठीचा ताप तो हाच. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर मेला की चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि शेतात झोपडी बांधून राहायचं. सरकारी माणसं घरात शिरून आजारी माणूस उचलून नेतील, या धाकानं लोक रोगी लपवायचे. अशा वातावरणात एक परका साहेब सुई घेऊन आला, तर कोण हात पुढे करणार?

हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत काम सुरू केलं. काही महिन्यांतच लस तयार झाली. जानेवारी १८९७मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. ताप आला, पण ते बरे झाले.

आता खरी परीक्षा. लस उपयोगी आहे, असं नुसतं म्हणून चालत नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. आपखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली. टोचलेल्या १४७ जणांपैकी २ आजारी पडले, मेला कुणीच नाही. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले आणि ६ मेले.

इथे एक शंका येतेच. जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच धडधाकट असतील तर? याचं उत्तर १८९८मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात मिळालं. तिथे साथ चालू असताना २८ कुटुंबं घेतली आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. म्हणजे घर तेच, चूल तीच, पाणी तेच, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा.

मी काकूंसमोर वहीत चार चौकोन आखले. आडव्या ओळी दोन, टोचलेले आणि न टोचलेले. उभ्या रकान्यांत आजारी पडलेले आणि न पडलेले. टोचलेले ७१, त्यातले ८ आजारी, ६३ ठणठणीत. न टोचलेले ६४, त्यातले २७ आजारी, ३७ ठणठणीत. मेले किती? टोचलेल्यांतले ३, न टोचलेल्यांतले २६!

काकूंनी बरोबर त्या ८वर बोट ठेवलं. टोचूनही आजारी पडलेच की, हेच त्यांना म्हणायचं होतं.

अहो, गंमत इथेच आहे. एकूण ३५ आजाऱ्यांत ८ टोचलेले होते. नुसत्या आजाऱ्यांच्या खाटांकडे पाहिलं तर कुणीही म्हणेल, लस काही कामाची नाही. पण आजाऱ्यांपैकी टोचलेले किती, हा प्रश्नच चुकीचा. टोचलेल्यांपैकी आजारी किती, असं विचारायचं. शंभरात ११. मग न टोचलेल्यांपैकी किती? शंभरात ४२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निकाल समोर येतो. गणिताच्या पुस्तकात याला सशर्त संभाव्यता असं भारदस्त नाव आहे. आपण साध्या भाषेत म्हणू, आधी गट ठरवा, मग त्या गटातले मोजा.

याच हिशेबानं पुढे हाफकिन यांनाही न्याय मिळाला. १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. खापर परळच्या प्रयोगशाळेवर फुटलं आणि हाफकिन यांची संचालकपदाची खुर्ची गेली. पण ती लस पाच बाटल्यांतली होती आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकी चार बाटल्यांच्या ८८ जणांपैकी कुणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, असं निघालं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७मध्ये ते निर्दोष ठरले. नोकरी परत मिळाली ती कलकत्त्यात. १९२५मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. १९३०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले. लग्न केलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं.

काकू बराच वेळ वहीकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, त्या ८ जणांच्या आयांना काय सांगायचं? खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकोनातला एक आकडा म्हणजे कुणाचं तरी लेकरू असतं. लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, गोवराचीही नव्हे. पण सुई चुकवली तर धोका वाढतो, कमी होत नाही, एवढंच मी म्हणाले.

म्हणून म्हणते, अमकीला अमक्या औषधानं गुण आला, असं कुणी सांगितलं की उरलेले तीन चौकोन मागा. मुलगाच होईल म्हणून पुड्या देणारे आपल्याकडे कमी नाहीत. पुडी न घेणाऱ्या बायकांनाही साधारण निम्म्या वेळा मुलगाच होतो, हा चौकोन ते कधीच दाखवत नाहीत.

अंगणवाडी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. काकू उठल्या, नातवाला टोपडं घातलं आणि सुनेच्या पुढे स्वतःच चालायला लागल्या. त्या रात्री पोराला थोडा ताप आला. उशाशी काकूच बसल्या होत्या.