सुर्रा रोगाचे कारण शोधणारे ग्रिफिथ इव्हान्स

वेल्समध्ये १८३५ साली जन्मलेले पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स ब्रिटिश सैन्याच्या सेवेत हिंदुस्थानात आले. तेव्हाच्या पंजाब प्रांतातील डेरा इस्माईल खान भागात ‘सुर्रा’ रोगाने घोडे आणि उंट दगावत होते. १८८० मध्ये आजारी घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना त्यात वळवळणारे परजीवी आढळले. ते रक्त टोचलेली निरोगी जनावरेही आजारी पडली. तरीही परजीवी हे रोगाचे कारण नव्हे, असे ठरवून वरिष्ठांनी त्यांचा निष्कर्ष नाकारला. पुढे जे. एच. स्टील यांनी १८८५ मध्ये या परजीवीला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेल्या इव्हान्स यांना आपला शोध जगन्मान्य झालेला पाहता आला. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले.