युरियावाल्या वोलरची दुसरी गोष्ट

अकरावीच्या केमिस्ट्रीत फ्रीडरिक वोलर आपल्याला भेटतो तो एका ओळीपुरता. 1828 मध्ये त्यानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. झालं, मार्क पक्के! पण सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीत स्प्रे पेंटिंग करणाऱ्या पोरांच्या उपयोगी पडेल असं त्याचं काम त्याही आधी सुरू झालं होतं.

वोलरचा जन्म 1800 सालचा, जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या एशरशाइमचा. शिकला डॉक्टरकी, 1823 मध्ये हायडेलबर्गची पदवीही घेतली. पण जीव रमायचा रसायनात. पोटात गेलेलं काय काय लघवीत उतरतं, हा प्रश्न त्यानं विद्यार्थी असतानाच हाती घेतला. 1824 मध्ये त्यावरचे प्रयोग छापले. कुत्र्याला बेंझॉइक आम्ल चारलं, तर लघवीतही तेच उतरलं असं त्याला वाटलं.

तिथंच तो चुकला होता. 1829 मध्ये त्याचा दोस्त लीबिग यानं दाखवून दिलं की घोड्याच्या लघवीतलं हिप्युरिक आम्ल हे वेगळंच आम्ल आहे. वोलर जुन्या मताला चिकटून बसला नाही. शरीरच बेंझॉइकचं हिप्युरिक करत असेल, असा संशय त्याला आला. पुढे गॉटिंगेनमध्ये त्याच्या सांगण्यावरून विल्हेल्म केलर यानं स्वतःच बेंझॉइक आम्ल घेतलं आणि त्याच्या लघवीत हिप्युरिक सापडलं. 1842 मध्ये हे छापून आलं. शरीर रसायन बदलून बाहेर टाकतं, याचा तो पुरावा होता.

आता थिनरकडे या. त्यातलं टोल्युइन श्वासावाटे आत गेलं की शरीर त्याचं आधी बेंझॉइक, मग हिप्युरिक आम्ल बनवतं. शिफ्ट संपताना लघवीचा नमुना घेऊन लॅबमध्ये क्रोमॅटोग्राफीनं ते मोजता येतं. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. गोची एकच: सॉस, कोल्ड्रिंकमधल्या सोडियम बेंझोएटचंही हिप्युरिकच होतं! त्यामुळे आता ऑर्थो-क्रेसॉल किंवा लघवीत उतरलेलं टोल्युइन मोजण्यावर जास्त भर असतो. तासगावच्या द्राक्षबागेत औषध मारणाऱ्यांच्या अंगात कीटकनाशक किती गेलं, हेही लघवीतल्या त्याच्या अवशेषांवरून कळू शकतं.

वोलर 1882 मध्ये गॉटिंगेनलाच वारला. थिनरचा वास सवयीनं जाणवेनासा होतो; लघवीतला आकडा मात्र सवयीनं कमी होत नाही.