रमाबाई रानडे : पाटीपासून इंग्रजी भाषणापर्यंत

इंग्रजीचा तास म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या आम्हा मुलांना तर हा विषय डोंगराएवढा वाटतो. शब्दांचे अर्थ पाठ होतात, व्याकरणाचे नियमही घोकता येतात. परंतु उभे राहून चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत असताना एकदा मी धडा मोठ्याने वाचू लागलो आणि एका उच्चारावर सारा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षे मी मागच्या बाकावर बसलो. पुढे ग्रंथालयात रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक हाती आले. ते वाचून संपले तेव्हा त्या मागच्या बाकाची मला लाज वाटली. म्हणून त्यांच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची चाल त्या घरात नव्हती, त्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळखही झाली नाही. योगायोग असा की, ज्या 1862 साली त्या जन्मल्या त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक म्हणून बी.ए. झाले होते. 1873 साली या दोघांचे लग्न झाले. रानड्यांचे वय तेव्हा एकतीस होते आणि पहिली पत्नी वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांना खटकली आणि आजच्या वाचकालाही खटकते. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र लग्नानंतर लगेच त्यांनी आपल्या पत्नीला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले, हेही तितकेच खरे आहे.

पुण्याच्या त्या मोठ्या वाड्यात सासूबाई होत्या, विधवा नणंद होती, इतरही वडीलधाऱ्या बायका होत्या. दिवसभर घरकाम करायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात धडा घ्यायचा, असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला. मराठी वाचन हाती आले, इतिहास, भूगोल, गणित झाले, मग इंग्रजीची पाळी आली. इथून खरी परीक्षा होती. पोथी वाचण्यापुरते अक्षर आलेले एखादे वेळी चालून जाई; पण बाईमाणसाने इंग्रजी शिकावे हे त्या काळच्या घरात कुळाला बट्टा लावण्यासारखे समजले जाई.

रमाबाईंना इंग्रजी शिकवण्यासाठी मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई घरी येऊ लागल्या. घरातल्या बायकांना या बाईंच्या शिवाशिवीचा विटाळ वाटे. धडा संपला की रमाबाईंनी स्नान केल्याशिवाय घरात वावरायचे नाही, असा नियम झाला. रोज शिकायचे आणि रोज त्यासाठी न्हायचे! या अवेळीच्या स्नानांनी त्या आजारीही पडल्या. टोमणे तर पाचवीलाच पुजलेले. तरीही धडा सुटला नाही. आपल्याला एक तास चुकवायला पावसाची सर पुरते. मग वाटते, या बाईंनी रोज केवढी किंमत मोजून हे चार शब्द मिळवले असतील!

त्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकच्या हायस्कूलमधील समारंभात झाले. मजकूर रानड्यांनी लिहून दिला होता. म्हणजे आरंभी त्याही दुसऱ्याच्याच शब्दांवर उभ्या राहिल्या. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याचा विचार जोर धरू लागला. त्या निमित्ताने गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजी भाषण वाचले. ज्या बाईने अकराव्या वर्षी पहिल्यांदा पाटी हाती धरली, ती विशीच्या आसपास इलाख्याच्या गव्हर्नरापुढे परक्या भाषेत आपल्या भगिनींसाठी शाळा मागत होती. 1884 साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

सभेत कौतुक झाले, पण घरी काय झाले? घरच्या बायकांनी भरसभेत पुरुषांपुढे इंग्रजी वाचल्याबद्दल त्यांना नको नको ते ऐकवले. उलट उत्तर द्यायचे नाही, असे रानड्यांनी बजावून ठेवले होते. रमाबाईंनी ते सारे मुकाट्याने ऐकून घेतले. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. वर्गातल्या हसण्याने मी दोन वर्षे वाचणे सोडले. इथे तर ज्या घरात राहायचे, जेवायचे, त्याच घरात रोज हसे होत होते. भाषा अवघड होतीच, पण ती शिकताना होणारे हसे सोसणे त्याहून अवघड होते.

त्यांची शिकण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. रानड्यांची दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना वाचून दाखवणारे माणूस लागे. ते काम रमाबाई करू लागल्या. पुस्तके, वर्तमानपत्रे, टपाल मोठ्याने वाचायचे आणि ऐकणाऱ्याने चूक दुरुस्त करायची, असे वर्षानुवर्षे चालले. परीक्षा नाही, गुण नाहीत. काम आहे म्हणून वाचन आणि वाचन आहे म्हणून भाषा.

खुद्द रानडेही शिकताना लाजत नसत. 1886 च्या सुमारास सरकारी कामासाठी दोघांचा मुक्काम कलकत्त्यास होता. तेथे एवढे विद्वान न्यायाधीश हजामत करून घेता घेता न्हाव्याला बंगाली शब्द विचारून घेत. रमाबाईंना याची मोठी गंमत वाटे. ज्याला येते तो आपला गुरू, मग त्याचा धंदा कोणता का असेना, हा धडा त्यांनी असा घरातच पाहिला. त्यांनी स्वतःही तेथे बंगाली शिकून घेतले.

1893 मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले व दोघे मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांसाठी क्लब काढला. भाषा, सामान्यज्ञान व शिवणकामाचे वर्ग चालवले. 1901 साली रानडे वारले. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. परंतु 1904 मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या आणि 1909 मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. विधवा आणि गरीब स्त्रिया तेथे शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. 1910 साली 'आठवणी' प्रसिद्ध झाल्या. एवढ्या कष्टाने इंग्रजी मिळवलेल्या या बाईने आपले मन मात्र मराठीतच उघडे केले. इंग्रजी आले म्हणजे मायबोली सुटते, ही भीती किती पोकळ आहे! 1924 साली त्यांचे निधन झाले. 1962 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. दूरदर्शन संचावरील 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे त्यांचे नाव आपल्या घरोघरी पोचले.

कोणी म्हणेल, रमाबाईंच्या घरातच रानड्यांसारखा गुरू होता. आमच्या घरात कोण आहे? हा प्रश्न खोटा नाही. आपला धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजोबांच्या पिढीपुढे कचेरीत उर्दूचा डोंगर होता, आज आपल्यापुढे इंग्रजीचा आहे. माझी आई अंगठा उठवते. चूक दुरुस्त करणारे घरी कोणी नाही. पण ऐकणारे तर आहे! गेल्या पावसाळ्यापासून मी रोज रात्री एक पान इंग्रजी मोठ्याने वाचतो आणि आई भाकरी थापता थापता ऐकते. तिला अर्थ कळत नाही, पण मी कुठे अडखळलो ते बरोबर कळते. मग मी ते वाक्य पुन्हा वाचतो.

मित्रहो, आपल्या वर्गात एखादा चुकीचा उच्चार करील तेव्हा आपण हसू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. रानड्यांच्या वाड्यातल्या त्या बायकांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या टोमण्यांना न जुमानता शिकत राहिलेल्या सुनेचे नाव मात्र दीडशे वर्षांनंतरही आपण घेतो.

— बी.ए. द्वितीय वर्ष