हेन्री ॲगार्ड वॉलेस

हेन्री ॲगार्ड वॉलेस (७ ऑक्टोबर, १८८८ – १८ नोव्हेंबर, १९६५) हे अमेरिकन कृषितज्ज्ञ, संपादक व राजकारणी होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात ते १९३३ ते १९४० या काळात कृषिमंत्री होते. १९४१ ते १९४५ या काळात ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. शेतकऱ्यांना सरकारी तिजोरीतून थेट रक्कम देण्याची पद्धत अमेरिकेत त्यांच्या कारकिर्दीत रुजली.

पूर्वायुष्य

वॉलेस यांचा जन्म आयोवा राज्याच्या ॲडेर काउंटीतील ओरिएंट या गावाजवळच्या शेतावर झाला. त्यांचे घराणे 'वॉलेसेस फार्मर' हे शेतीविषयक नियतकालिक चालवीत असे. वडील हेन्री कँटवेल वॉलेस १९२१ ते १९२४ या काळात कृषिमंत्री होते. लहानपणी त्यांना वनस्पतींची ओळख जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी करून दिली. १९१० मध्ये आयोवा स्टेट कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते नियतकालिकाच्या कामात शिरले. मक्याच्या संकरावर प्रयोग करून १९२६ मध्ये त्यांनी संकरित बियाण्यांची कंपनी स्थापन केली. ती पुढे पायोनिअर या नावाने प्रसिद्धीस आली.

कृषी समायोजन कायदा

पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले व महामंदीत उत्पादनखर्चही निघेनासा झाला. आयोवात काही शेतकऱ्यांनी मका सरपण म्हणून जाळला. १२ मे, १९३३ रोजी संमत झालेल्या कायद्यानुसार, पेरणीचे क्षेत्र घटविण्याचा करार करणाऱ्या शेतकऱ्यास सरकार मोबदला देऊ लागले. हा पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांवरील करातून उभा राहत असे. करारांची देखरेख व क्षेत्राची तपासणी स्थानिक शेतकऱ्यांच्या काउंटी समित्यांकडे होती.

कायदा झाला तेव्हा कापसाची लागवड होऊन गेली होती. त्यामुळे त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला, तसेच सुमारे ६० लाख डुकराची पिल्ले मारण्यात आली. देशात उपासमार असताना झालेल्या या नाशावर तीव्र टीका झाली. वॉलेस यांच्या मते तो केवळ आणीबाणीचा उपाय होता.

कुळांचा प्रश्न

दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात मोबदला प्रामुख्याने जमीनमालकांच्या हाती पडला. क्षेत्र घटल्याने बटाईने जमीन कसणाऱ्या अनेक कुळांना मालकांनी काढून टाकले. स्थानिक समित्यांवर मालकांचेच वर्चस्व असल्याने कुळांना तेथे दाद मिळणे कठीण होते. १९३४ मध्ये आर्कन्सॉतील टायरोंझा येथे कृष्णवर्णीय व गौरवर्णीय कुळांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. कुळांना जमिनीवर कायम ठेवावे, असा कराराचा अर्थ खात्यातील काही वकिलांनी लावला. मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉलेस यांच्या संमतीने त्यांना बडतर्फ करण्यात आले. १९३६ मधील दक्षिणेच्या दौऱ्यात कुळांचे दारिद्र्य पाहिल्यावर वॉलेस यांनी त्यांना जमीनखरेदीसाठी कर्ज देण्याच्या योजनेला पाठिंबा दिला. तसा कायदा १९३७ मध्ये झाला.

नंतरचे कायदे

६ जानेवारी, १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९३३ च्या कायद्यातील कर व करारपद्धती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर मृदासंधारण करणारी पिके घेण्यासाठी रक्कम देण्यात येऊ लागली. १९३८ च्या कायद्याने सुगीत धान्य साठवून टंचाईत बाजारात आणण्याची वॉलेस यांची कल्पना अमलात आली.

उत्तरायुष्य

१९४० च्या अखेरीस वॉलेस यांनी मेक्सिकोचा दौरा केला. त्यानंतर तेथे रॉकफेलर प्रतिष्ठानाचे कृषिसंशोधन सुरू झाले. याच कार्यात नॉर्मन बोरलॉग यांनी विकसित केलेले गव्हाचे वाण १९६० च्या दशकात भारतात आले. १९४८ मध्ये वॉलेस यांनी प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. तीत ते पराभूत झाले. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे त्यांचे निधन झाले. शेतकऱ्यांमधून निवडलेल्या काउंटी समित्या अमेरिकेच्या शेती अनुदान व्यवस्थेत आजही काम करतात.