भाऊसाहेब आणि त्यांचा तोतया

पनवेलहून पुण्याला जाताना एस.टी. बोरघाट चढू लागली की मला सदाशिवराव भाऊ आठवतात आणि त्यांच्या नावाने याच घाटापर्यंत आलेला दुसरा माणूसही आठवतो.

भाऊसाहेब चिमाजी अप्पांचे पुत्र. जन्म 1730 चा. आई तान्हेपणीच गेली, दहाव्या वर्षी वडीलही गेले. पुढे नानासाहेब पेशव्यांचा कारभार त्यांनी चोख सांभाळला. 1760 मध्ये उदगीरला निजामास नमविले आणि 14 जानेवारी 1761 रोजी ते पानिपतावर पडले. पुष्कळांना ते खरे वाटेना. पत्नी पार्वतीबाईंनी तर सौभाग्यलेणे उतरविलेच नाही.

या आशेचाच फायदा सुखनिधान नावाच्या एका सामान्य कनोजी ब्राह्मणाने घेतला. चेहरा भाऊंसारखा, म्हणून तो भाऊ बनला. पेशवे सरकारने त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले. पण 1776 मध्ये तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला सोडविले. हजारो माणसे त्याला मिळाली, कोकणातले किल्ले हाती आले. अखेर महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे तो पळाला, राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

तोतयाला आपण हसतो. पण त्याच्यामागे धावलेल्यांना हसण्याचे धाडस मला होत नाही. पानिपतावरून कितीतरी घरांतला माणूस परतला नव्हता. भाऊ परत आले, तर आपलाही येईल, असे त्यांना वाटले असेल. पार्वतीबाई 1783 मध्ये गेल्या, त्या सवाष्ण म्हणूनच.