आपला पहिला रिझल्ट लावणारी डॉक्टर

आयुष्यातली पहिली परीक्षा कोणती? दहावी? ज्युनिअर केजीचा इंटरव्ह्यू? छे! जन्मल्यावर अवघ्या एका मिनिटात आपल्यापैकी बहुतेकांना दहापैकी मार्क मिळालेत. आईने जपून ठेवलेली हॉस्पिटलची फाइल काढून बघा, कदाचित त्यात 'ॲपगार' असा शब्द दिसेल. हे आडनाव आहे एका भूलतज्ज्ञ बाईंचं. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार.

१९०९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जन्मलेल्या व्हर्जिनियाला खरं तर सर्जन व्हायचं होतं. १९३३ मध्ये ती कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाली. सर्जरीचं प्रशिक्षणही सुरू झालं. पण तो महामंदीचा काळ. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, त्यात बाई सर्जनकडे पेशंट येणार कोण? तिचे वरिष्ठ ॲलन व्हिपल यांनी तिला भूलशास्त्राकडे वळायला सुचवलं. तेव्हा भूल देण्याचं काम बहुतेक ठिकाणी नर्सच करायच्या, डॉक्टरांच्या लेखी त्याला फारसा मान नव्हता.

स्वप्न मोडलं, पण ती रडत बसली नाही. १९३८ मध्ये ती कोलंबियात भूल विभागाची प्रमुख झाली. विभाग वाढवला, नवे डॉक्टर घडवले. १९४९ मध्ये मात्र स्वतंत्र विभागाचं प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याला मिळालं. ती प्रोफेसर झाली, तिथल्या मेडिकल कॉलेजची पहिली महिला पूर्ण प्रोफेसर, आणि तिने आपला मोर्चा लेबर रूमकडे वळवला.

तिथे सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. निळसर पडलेलं, धड श्वास न घेणारं बाळ वाचणारच नाही असं बऱ्याचदा गृहीत धरलं जायचं. ॲपगारने पाच साध्या गोष्टी ठरवल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ मार्क. ना मशीन, ना खर्च. १९५३ मध्ये हा स्कोअर प्रसिद्ध झाला आणि बाळाकडे नीट बघणं हा नियमच झाला.

हाच स्कोअर तिच्यावरही उलटला! आईला दिलेली भूल बाळापर्यंत पोहोचते का, हे सहकाऱ्यांसोबत तपासताना कळलं, की तिच्या आवडीच्या सायक्लोप्रोपेन वायूमुळे बाळं मलूल पडतात. तिने तो बाळंतपणात वापरणं थांबवलं. विषय संपला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा कॉलेजात गेली, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि जन्मजात व्यंगांवरच्या कामाला लागली. १९७४ मध्ये तिचं निधन झालं.

तिला जे व्हायचं होतं, ते ती कधीच झाली नाही. तरी आजही लेबर रूममध्ये बाळ जन्मलं, की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला तिच्याच नावापुढे आकडा लिहिला जातो.