‘द टो’ लू ग्रोझा

अमेरिकन फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळला जातो. जमिनीवर टेकवलेला चेंडू लाथाडून खांबांमधून पाठवणे व तीन गुण मिळवणे, हे पूर्वी एखाद्या खेळाडूचे जोडकाम असे. ‘द टो’, म्हणजेच पायाचे बोट, या टोपणनावाने गाजलेल्या लू ग्रोझा यांनी त्याला प्रतिष्ठा दिली.

ओहायोतील मार्टिन्स फेरी येथे १९२४ मध्ये जन्मलेले ग्रोझा महायुद्धातील लष्करी सेवेनंतर १९४६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघात आले. प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे धिप्पाड ‘टॅकल’ हीच त्यांची मूळ भूमिका.

नव्या, दुय्यम मानल्या गेलेल्या लीगमध्ये सलग चार अजिंक्यपदे पटकावून ब्राउन्स १९५० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये दाखल झाले. खरी कसोटी २४ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात होती. समोर होता १९४६ मध्ये क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिसला गेलेला रॅम्स संघ. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना ब्राउन्स २७-२८ असे पिछाडीवर होते. ग्रोझांनी १६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून धाडला आणि ब्राउन्स ३०-२८ असे जिंकले. अंतर किरकोळच; पण नेम हुकता तर हिणवणाऱ्यांचेच खरे ठरले असते.

पाठीच्या दुखण्याने १९६० चा हंगाम वाया गेला. परतल्यावर मात्र ते केवळ किकर म्हणून १९६७ पर्यंत खेळले. २००० मध्ये त्यांचे निधन झाले. महाविद्यालयीन स्पर्धांतील सर्वोत्तम किकरला १९९२ पासून त्यांच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो.